डावीकडचा स्पीकर

"गाडी कानानं चालवायची, पोरा. डोळे काय, गाढवालाही असतात."

हा आवाज ऐकला त्याला आता जमाना झाला होता. ज्याचा आवाज होता तो उस्ताद कधीच मातीला मिळाला. तरीही दाजी सकाळी किल्ली फिरवायचा, तेव्हा इंजिनाच्या आधी तोच आवाज सुरू व्हायचा. बिडीनं खरवडलेला, अर्धा रागाचा, अर्धा मायेचा. पहिल्या दिवशी उस्तादानं त्याला स्टिअरिंगला हातसुद्धा लावू दिला नव्हता. डोळे मिटायला लावून शेजारी बसवलं होतं.

"काय वाजतंय?"

"इंजिन."

"अरे गधड्या, इंजिन वाजतंय हे कोंबडीलाही कळतं. इंजिनात काय काय वाजतंय ते सांग."

तेव्हापासून दाजी ऐकत आला होता. पट्टा सैल झाला की गाडी कशी चिवचिवते, बेअरिंग जायला लागलं की कशी कण्हते, चढावर दुसऱ्या गिअरमध्ये कशी कुरकुरते आणि तरी जाते. लोक गाडी पुसतात, हा गाडी ऐकायचा.

आणि हल्ली गाडी शांत झाली होती. इतकी वर्षं रस्ता तुडवलेली, निळा रंग उडून अंगावर गंजाचे चट्टे आलेली ती पिकअप म्हातारपणी एखाद्या समजूतदार सासूसारखी गप्प झाली होती. "नवं ऑइल मानवलं तिला," दाजी भेटेल त्याला सांगायचा. समोरचा माणूस एकदा गाडीकडे बघायचा, एकदा दाजीकडे, आणि म्हणायचा, "असेल बुवा."

दाजी हे काही त्याचं नाव नव्हतं. त्याची बायको कांदे काढणाऱ्या बायकांच्या टोळीत होती. टोळीतल्या सगळ्याजणी तिला अक्का म्हणायच्या, म्हणून हा सगळ्यांचा दाजी. एका बायकोवर एवढ्या मेहुण्या फुकटात मिळालेला दुसरा माणूस त्या भागात नव्हता. त्यांना थांब्यावरून उचलायचं, शेतावर सोडायचं, संध्याकाळी परत आणायचं. हंगामभर हेच काम, आणि हंगामावर वर्ष. गाडीच्या मागच्या हौद्यात बायका दाटीवाटीनं उभ्या राहायच्या. कुणाला मध्येच उतरायचं असलं की पुढच्या टपावर तळहाताची एक थाप: थांब. दोन थापा: चल. घंटा नाही, शिट्टी नाही. पत्र्यावर कुणाचा हात पडला हेही दाजीला कळायचं. मावशीची थाप जड, ती टोळीची मुकादमीण होती. धाकटीची थाप भुरकन उडणाऱ्या चिमणीसारखी.

बायका गाडीवर गाणी रचायच्या, तीही दाजीला ऐकू जातील अशीच:

गाडी आमच्या दाजींची, खोकला तिचा गोड,
चढ आला की म्हणते, बायांनो, मला ओढ.

"उतरा मग, ओढाच!" दाजी खिडकीतून ओरडायचा, आणि हौदा हसून हलायचा.

यंदा अक्का मागं उभी राहायची ते सोडून पुढं त्याच्या शेजारी बसायला लागली होती. वळण आलं की त्याच्या दंडाला हात लावायची, "इथं थांबा." दाजीला ते फार आवडलं. उतारवयात बायकोला आपण आवडायला लागलो, असा त्यानं त्याचा अर्थ लावला होता. मध्ये एकदा ती तापानं फणफणून घरी राहिली, त्या दिवशी शेजारची रिकामी जागा त्याला खायला उठली होती.

त्या तापाच्या दिवसानंतरच सगळं बिनसलं.

*

सकाळ ढगाळ होती. कांदा जमिनीत तयार होऊन पडलेला, पाती माना टाकून झोपलेल्या, आणि वर नको त्या वेळी ढग. पाऊस पडला तर कांदा जागीच सडणार, म्हणून जो तो शेतकरी टोळीसाठी धावत होता. अशा दिवसांत गाडीला उसंत नसते.

दाजीनं नेहमीच्या जागी गाडी लावली. बायका आल्या. हातात विळे, कमरेला डबे, डोक्याला फडकी. आल्या आणि त्याच्या गाडीवरून पुढं गेल्या. पुढं एक पांढरी गाडी उभी होती, दुधात धुतल्यासारखी. तिचा मालक एक तरणा माणूस होता. त्याला सगळे चमक्या म्हणायचे, त्याच्या गाडीवरून आणि दातांवरून. गाडीत गाणी लागली होती. बायका एकमेकींना हात देत हौद्यात चढल्या.

दाजी खाली उतरला. "मावशी! अहो, गाडी इकडं आहे."

मावशीनं डोक्याचं फडकं उगाच सोडून पुन्हा बांधलं. "आजच्या दिवस तिकडं जातो, दाजी."

"कालही तिकडंच गेलात."

"काल..." मावशीनं अक्काकडे बघितलं. अक्का जमिनीकडे बघत होती. "त्याचं काय आहे, पोरींना गाणी लागतात हो हल्ली. तुमच्या गाडीत काही वाजत नाही."

"वाजत नाही? अहो, टेप आहे की!"

"तो टेप माझ्या लग्नात तरी वाजत होता का?" हौद्यातून कुणीतरी म्हणालं, आणि दोघीतिघी हसल्या, पण ते हसणं फुलण्याआधीच मिटलं. धाकटी कोपऱ्यात बसली होती. तिचा हात गळ्यात बांधलेला. बांधावरून घसरून पडली म्हणे.

मग अक्काही गेली. तिनं दाजीकडे न बघता हौद्याच्या फळीवर पाय ठेवला आणि वर चढली. मजुरी टोळीबरोबर, टोळी जिथं तिथं ती. ते बरोबरच होतं. पण स्वतःची बायको दुसऱ्याच्या गाडीत चढताना बघणं, आणि तेही स्वतःच्या गाडीला टेकून! चमक्यानं काच खाली करून अदबीनं मान हलवली. "येतो, काका." तो अदबीनं बोलला हे जास्त लागलं.

गाडी गेली. गाणं लांब लांब जात राहिलं. दाजीला वाटलं, गाणं किती लवकर विरलं.

चहाच्या टपरीवर भंगारवाला बसला होता. त्यानं कपातून नजर वर काढून पिकअपकडे प्रेमानं बघितलं. हे असलं प्रेम दाजी ओळखून होता. गाडी उभी राहिली की या माणसाला तिचा वास लागायचा.

"काय म्हणते गाडी?" भंगारवाला म्हणाला.

"गाणं म्हणणार आहे," दाजी म्हणाला. "उद्यापासून."

*

खटपट्याचं दुकान म्हणजे दोन पत्रे आणि एक बोळ. आत मेलेले रेडिओ, पंखे, टीव्ही एकमेकांच्या उरावर बसलेले. खटपट्याची बोटं सोल्डरनं भाजून भाजून निबर झालेली. बोलताना तो माणसाकडे न बघता हातातल्या वस्तूकडे बघायचा.

"साउंड करायचाय," दाजी म्हणाला. "दणदणीत. पण खिसा फाटका आहे."

"कुणाचा शिवलेला आहे?" खटपट्या म्हणाला. "असं करू. हे सगळं मढं साचलंय ना दुकानात, हे भंगारात पोचवून द्या. जितक्या खेपा होतील तितक्या. मी जुन्यात जुळवून देतो."

दाजीनं दिवसभर खेपा केल्या. बंद पडलेली फ्रीजं पाठीवर घेताना त्याच्या मणक्यातून कळ जायची आणि तो मनातल्या मनात म्हणायचा, हा एक स्पीकर झाला, हा दुसरा.

मग काम सुरू झालं. डॅशबोर्डमधला जुना टेप उपटला. त्याच्या घशात एक कॅसेट अडकून मेली होती. त्या जागी एका ठोकलेल्या कारमधला प्लेअर आला. दुसऱ्या एका गाडीच्या दारांतले दोन स्पीकर निघाले. खटपट्यानं पुठ्ठ्याचा गोल कापून दारावर धरला, खडूनं रेघ मारली आणि करवतीच्या पात्यानं दाराचं अस्तर कापलं. स्पीकर बसला, पण काच खाली केली की ती त्याच्या लोहचुंबकावर आपटायची आणि अर्ध्यातच अडायची.

"आता?"

"आता स्पीकर बाहेर काढायचा, बोटभर." खटपट्यानं एका मोडक्या स्टुलाची फळी कापून दोन कडी केली, ती मध्ये घातली. काच सुळकन खाली गेली. दाजीला उगाचच फार बरं वाटलं.

खटपट्यानं वायर जोडून इंजिन चालू करायला सांगितलं. गाणं लागलं. खटपट्यानं कान टवकारला आणि तोंड वाकडं केलं. "ही कुई घालवावी लागेल. डायनॅमोची वायर जवळून गेली ना. रेस करा... बघा, कशी वर चढते."

"कुठली कुई?"

"ही काय! दाढेत शिरल्यासारखी."

दाजीनं ऐकलं. गाणं होतं. कुई नव्हती. त्याला वाटलं, हा चेष्टा करतोय. तो हसला. खटपट्या हसला नाही.

"ते राहू दे," दाजी म्हणाला. "डावीकडचा वाजत नाही तुझा."

"वाजतोय की."

"अरे नाही वाजत. उजवा वाजतोय. डावा मेलेला आहे."

खटपट्यानं वाकून डाव्या दाराला कान लावला. बोट लावलं, पडदा थरथरत होता. "वाजतोय, दाजी."

"मला शिकवू नको. कानानं गाडी चालवलीय मी जन्मभर."

खटपट्यानं सोल्डर काढून वायर पुन्हा जोडली. मग दुसरी वायर टाकली. मग स्पीकर बदलला, तिसऱ्याच गाडीतला आणला. दाजी सीटवर बसून मान हलवत राहिला. "नाही. मेलेलाच."

शेवटी खटपट्या कंटाळला. त्यानं दोन्ही स्पीकर काढले. डावीकडचा उजवीकडे आणि उजवीकडचा डावीकडे लावला. इंजिन, गाणं. दाजी डोळे मिटून बसला. त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या, मग आणखी पडल्या.

"आता कोण वाजतोय?" खटपट्यानं विचारलं.

"उजवा."

"म्हणजे मघाशी जो मेला होता तो."

"हो. तो जिवंत झाला. आणि हा चांगला होता तो इकडं येऊन मेला." दाजीनं डोळे उघडले. त्याचा चेहरा गोंधळलेल्या लेकरासारखा झाला होता. मग त्यात एकदम उजेड पडला. "दार! अरे, दोष दारात आहे! डाव्या दाराचा पत्रा सडलाय, आवाज पिऊन टाकतोय तो!"

खटपट्याचा हात हवेत थांबला. कधी नव्हे तो त्यानं हातातली वस्तू सोडून माणसाकडे बघितलं, बराच वेळ. काहीतरी त्याच्या ओठांवर आलं. मग त्यानं मान खाली घातली.

"असेल," तो म्हणाला. "दाराला आतून अस्तर लावू. आणि मोठ्या आवाजाचा डबा देतो एक, ठणके मारणारा."

डबा कपाटाच्या खणातून केलेला होता. मागं ठेवायला जागा नव्हती. तो पुढच्या सीटवर, दाजीच्या शेजारी, पट्ट्यानं करकचून बांधला.

*

"माझी पिठाची चाळणी कुठं गेली?" अक्कानं विचारलं.

संध्याकाळ होती. ती उंबऱ्याशी बसून बोटं पाण्यात बुडवत होती. कांद्याच्या रसानं नखांच्या कडा काळ्या पडल्या होत्या, आणि विळ्याच्या मुठीनं तळव्याला घट्टा. दाजी अंगणात गाडीच्या डाव्या दाराशी खुडबुडत होता. त्यानं उत्तर दिलं नाही.

"अहो! चाळणी!"

"ओरडतेस कशाला? इथंच तर आहे मी." त्यानं मोठ्यानं सांगितलं, शेजारच्या घरालाही कळावं असं. "लावली दाराला. स्पीकरवर जाळी नको? कुणाचा गुडघा लागला म्हणजे? बघ तर, कारखान्यातून आल्यासारखी दिसते."

अक्का उठून आली. दाराला तिची चाळणी चार स्क्रूंनी बसवलेली. तिनं चाळणीवर हात फिरवला. हसावं की रडावं हे तिला कळेना, आणि तिचं तोंड दोन्हींच्या मधेच कुठंतरी थांबलं.

"आणि हे काय, माझ्या जागेवर?"

"ठणक्याचा डबा. तू बस आता मागं, मैत्रिणींबरोबर. गाणी ऐक. नाचा." दाजी खुशीत होता. "धाकटीचा हात कसा आहे गं?"

"सूज उतरली."

"बांधावर नीट पाय टाकावा ना. आजकालच्या पोरींना चालताही येत नाही."

अक्कानं चाळणीवरचा हात काढला. मग ती काहीतरी बोलली. तिचे ओठ हलले.

"काय?"

"काही नाही."

हे हल्ली फार झालं होतं. सगळे पुटपुटायला लागले होते. टपरीवाला पुटपुटायचा, मावशी पुटपुटायची, घरात बायको पुटपुटायची, आणि विचारलं की 'काही नाही'. जगानं आपापसात काही ठरवलंय आणि आपल्याला तेवढं वगळलंय, असं दाजीला वाटायचं. काय ठरवलंय ते कळत नव्हतं. कुणाचं काय बिघडवलं तेही कळत नव्हतं. एकदा विचारावं म्हटलं तर काय विचारणार? तुम्ही हळू का बोलता?

त्यानं प्लेअर लावला. अंगण दणाणलं, झाडावरची पाखरं उडाली. अक्कानं कानांवर हात घेतले.

"कसं?" तो ओरडला.

"छान," ती ओरडली.

"डावा अजून जरा दबलेलाच आहे! पण चालेल!"

*

थांब्यावर दाजी गाणी वाजवत आला तेव्हा माणसं टपरीतून बाहेर आली. बायका गाडीभोवती जमल्या, चाळणीकडे बोट दाखवून फिदीफिदी हसल्या. "दाजी, पीठ चाळून गाणी देता का?" "अक्का, तुझी कढई लपव गं, उद्या आरसा करतील!" दाजी ऐटीत दाराला टेकून उभा राहिला. मागची सगळी सकाळ त्याच्या छातीवरून उतरली.

"चला मग! चढा!"

कुणी चढेना. हसणं ओसरलं. एकीनं दुसरीकडे बघितलं, दुसरीनं मावशीकडे.

"गाणी झाली ना आता?" दाजी म्हणाला. "गाणी पाहिजे होती ना?"

"गाणी झाक आहेत," मावशी म्हणाली. तिनं त्याच्या दंडावर हात ठेवला, आजाऱ्याच्या दंडावर ठेवतात तसा. "पण चमक्याला शब्द दिलाय आजचा. उद्या बघू."

उद्या आला, आणि त्याचाही उद्या झाला. दाजीनं आवाज वाढवला. खटपट्याकडून मागच्या फळ्यांना आणखी दोन कर्णे लावून आणले. त्यासाठी पुन्हा पाठीवर फ्रीजं. बायका तोंडभर कौतुक करायच्या आणि पांढऱ्या गाडीत बसायच्या. गाण्यासाठी गेल्या, गाणं दिलं, तरी परत येईनात. दाजी रिकामी गाडी घेऊन घरी यायचा, अंगणात उभी करायचा, आणि डाव्या दारावर मूठ मारायचा. त्या दाराशिवाय त्याला दुसरं कुणी सापडत नव्हतं.

भंगारवाला आता घरापर्यंत यायला लागला होता. एकदा त्यानं टायरला हळूच लाथ मारून पाहिली. अक्का दारात होती. तिनं त्याच्यासमोरच दार लावून घेतलं. त्या रात्री तिनं ताटातलं अर्धं जेवण तसंच ठेवलं.

*

मग आभाळ खरंच खाली आलं. पश्चिमेकडून वारा सुटला, मातीचा वास घेऊन. टेकडीपलीकडच्या मोठ्या शेतात कांदा उपटून उघड्यावर पडला होता. दुपारच्या आत पाती कापून झाकला नाही तर गेला. आणि चमक्याची गाडी पहाटेच दुसरी टोळी घेऊन गेलेली.

मावशी थांब्यावर उभी राहून आभाळाकडे बघत होती. मग तिनं दाजीकडे बघितलं. मग अक्काकडे. दोघींचं डोळ्यांनीच काही बोलणं झालं.

"अक्का, तू पुढं बस," मावशी म्हणाली.

"पुढं डबा आहे," अक्का म्हणाली.

"काढता येत नाही का?"

"वेळ कुठं आहे?" दाजी म्हणाला. "चढा, चढा! आभाळ थांबणार आहे का तुमच्यासाठी?"

बायका चढल्या. धाकटी सगळ्यात शेवटी. तिला दोघींनी मधोमध घेतलं, फळीपासून लांब. अक्का टपाच्या अगदी मागं, उजव्या कोपऱ्यात उभी राहिली. दाजीनं आरशात सगळा हौदा भरलेला बघितला आणि त्याचे डोळे भरून आले. आल्या एकदाच्या. त्यानं गाणं लावलं, ठेक्याचं, आणि गाडी सोडली.

वारा मागून ढकलत होता. रस्ता मोकळा होता. गाडी शांत होती, एखाद्या होडीसारखी. शेजारचा डबा ठणके मारत होता. ते ठणके त्याच्या बरगड्यांत जाऊन बसत होते. त्याला वाटलं, आपण उगाच मनाला लावून घेतलं. बायकांचं असंच असतं, रुसायच्या आणि यायच्या.

टेकडीचा चढ आला, गेला. शेताकडं वळायची वाट डावीकडं होती. दाजी त्या शेतावर पूर्वी कधी गेला नव्हता. मावशी थाप मारेल, हे ठरलेलंच.

त्यानं आरशात बघितलं. बायकांनी हात वर केले होते. सगळ्यांनी. हात वर करून हलवत होत्या, तोंडं उघडी, फडकी वाऱ्यावर. नाचताहेत! दाजीला हसू फुटलं. मावशीसुद्धा, एवढी जड बाई, दोन्ही हात वर करून! त्याच्या अंगात पोरसवदा वारं शिरलं. त्यानं बोटानं बटण फिरवलं, आवाज शेवटपर्यंत नेला आणि पायाखालचा दाब वाढवला. आरशात हात आणखी जोरात हलले. "आता कशी!" तो एकटाच ओरडला. "आता कशी!"

तेवढ्यात उजव्या खिडकीतून एक हात आत आला आणि त्यानं त्याचा खांदा पकडला. कांद्यानं काळी पडलेली बोटं. अक्काचा हात. ती हौद्याच्या फळीवरून अर्धी बाहेर लोंबकळली होती, तिच्या कमरेला मागून दोघींनी धरलं होतं, आणि तिचा चेहरा खिडकीत उलटा आला होता. ती किंचाळत होती. ते किंचाळणं त्याला तेव्हा ऐकू आलं.

दाजीचा पाय ब्रेकवर गेला. गाडी घसरत, आडवी होत, खडीवर थांबली. गाणं चालूच होतं.

तो खाली उतरला. बायका एकेक करून उतरत होत्या. कुणी नाचत नव्हतं. धाकटी हुंदके देत होती, चांगल्या हातानं दुखरा हात छातीशी धरून. मावशीचे दोन्ही तळवे लाल झाले होते. ती ते फुंकत होती. टपाच्या पत्र्यावर, मावशीच्या बाजूला, ताजे पोचे पडले होते.

"काय झालं?" दाजी म्हणाला. "वाट गेली का मागं? मग थाप मारायची ना!"

वाऱ्यानं एकीचं फडकं उडालं, ते आणायला कुणी धावलं नाही.

"चालत जाऊ," मावशी शेवटी म्हणाली. "फार लांब नाही आलो." तिनं धाकटीला कवेत घेतलं. बायका विळे सावरत उलट्या दिशेनं चालायला लागल्या. आभाळ त्यांच्या डोक्यावरून पुढं पळत होतं.

"गाणं आवडलं नाही का?" दाजीनं अक्काला विचारलं. त्याला दुसरं काही सुचेना. "मला वाटलं, तुम्ही... हात वर केले होते ना तुम्ही?"

तिच्या पोटावर फळी घासून लांब ओरखडा उठला होता. तिनं डावं दार उघडलं, डब्यावरच बसली आणि हात लांब करून प्लेअर बंद केला. दाजी आपल्या जागी येऊन बसला. इंजिन चालू होतं. समोर काचेवर पहिला थेंब पडला, मग दुसरा.

अक्का समोर बघत बोलायला लागली. हळू, एकसारखं, जसं कुणी फार दिवस मनात घोकलेलं बोलतं. मध्ये तिचा आवाज चिरला, पण ती थांबली नाही. सगळं बोलून झालं. मग तिनं डोळे पुसले आणि त्याच्याकडे बघितलं.

दाजी काचेवरचे थेंब बघत होता. तिचं तोंड आपल्याकडे वळलेलं दिसलं तसा तो म्हणाला, "काय? काही म्हणालीस का?"

अक्का त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तिनं वाकून किल्ली फिरवली. इंजिन बंद झालं. मग ती उतरली, गाडीला पुढून वळसा घातला आणि त्याच्या उजव्या खिडकीशी येऊन उभी राहिली. पाऊस तिच्या केसांत पडत होता. तिनं दोन्ही हातांनी खिडकीची कड धरली, तोंड त्याच्या कानाजवळ नेलं, आणि मोठ्यानं, एकेक शब्द वेगळा करून म्हणाली:

"धाकटी बांधावरून पडली नाही. मी तापात होते त्या दिवशी ती तुमच्या गाडीतून पडली. सगळ्याजणी थापा मारत होत्या. तुम्ही थांबला नाहीत, म्हणून तिनं उडी घेतली."

दाजीचे ओठ हलले.

"ऐका. गाण्यांचं खोटं होतं. कुणाला गाणी नको होती. ते मीच त्यांना सांगायला लावलं. म्हटलं, दाजींना काहीही सांगा, पण हे सांगू नका. तुमचा स्पीकर चांगला आहे. दार चांगलं आहे. तुमचा डावा कान गेलाय, आणि उजवाही चाललाय. मला पेरणीपासून माहीत होतं. म्हणून मी पुढं बसत होते. तुम्ही म्हणायचात, गाडी शांत झाली, आणि इतके खूश दिसायचात, की माझ्यानं सांगवलं नाही."